बाहेरची बाधा

सोमवार, ४ तारीख

अहो, वाचायला बसलात खरे, पण हे कुणाचं वाचताय ते तरी आठवतंय ना? मी तुमची बायको. लेक बाळंत झाली म्हणून दवाखान्यात तिच्या सोबतीला आलेय. स्वतःच गॅसवर दूध ठेवून ‘हे कुणी ठेवलं’ म्हणून मलाच विचारणाऱ्या माणसाला एवढं पहिल्या ओळीत सांगितलेलं बरं.

लेकीनं फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. मी बोलते, अक्षरं उमटतात, तारीख तो आपली आपण घालतो. अक्षरं आणि मी जन्मात कधी एकमेकांच्या वाटेला गेलो नाही, आणि आता बघा, तोंडातून सांडायला लागलीत. लेक याला रोजनिशी म्हणते. रोज म्हणजे दिवस, निशी म्हणजे रात्र. इथे रात्र होतच नाही, दिवे कधी मालवतच नाहीत. तेव्हा ही नुसती रोज. तुमचा पाय प्लास्टरमध्ये, तुम्हाला घराबाहेर पडता येत नाही. तर बसल्या जागी वाचा आणि दर घटकेला फोन करून लेकीला छळू नका.

आता नात. वेळेआधी आलीय, त्यामुळे काचेच्या पेटीत ठेवलीय, ऊब मिळावी म्हणून. मी तिचं नाव मूठ ठेवलंय, कारण सगळी मिळून तेवढीच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही तर काचेखाली झाकलेली. तोंडावळा तुमचा: कपाळभर आठ्या, आणि कुणी काही विचारायच्या आधीच नाराज.

हा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर. दार एकच, आणि ते सिस्टरच्या टेबलाखालचं बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. आत शिरताच हात धुवायचे, कोपरापर्यंत. नळसुद्धा कोपरानंच उघडायचा. सिस्टर मोठी करडी आहे. तिच्या लेखी जगात दोनच जाती, आतल्या आणि बाहेरच्या. आया नि बाळं आतली. बाकी सगळं बाहेरचं, मीसुद्धा. चपलांची फळीही वेगळी. मी म्हटलं, बाई गं, या आतल्या लेकीला मीच आत नऊ महिने ठेवलं होतं. ती हसली नाही.

पेटीला हात घालायला दोन गोल खिडक्या आहेत. सिस्टरनं मला हात घालू दिला. मुठीच्या कपाळावर पांढरं काहीतरी चिकटून वाळलं होतं. सिस्टरची पाठ वळली तसा मी अंगठा जिभेला लावला आणि पुसून टाकलं. आपल्या सगळ्या पोरांची तोंडं मी अशीच पुसलीत, तुमच्या कोटावरचे डागसुद्धा. पोरीनं डोळा किलकिला केला. ओळख पटली.

मंगळवार, ५ तारीख

झोप छान लागली. आयांच्या खोलीत दोन खाटा आहेत, एक लेकीची, एक माझी. खिडकी उघडत नाही, पण थंड हवा वरच्या जाळीतून येते. खोलीला लागूनच चादरींची खोली; धुतलेल्या कापडाचा वास मला आवडतो, मी उगाच तिथे जाऊन उभी राहते.

मुठीला अजून ओढता येत नाही. लेक दूध काढून देते आणि ते नाकातल्या बारीक नळीतून जातं. लेकीला वाटतं फार थोडं येतं. तिला रडू आलं तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसली. ही डॉक्टरीण अगदी चिमणीएवढी, आणि बोलतेही तशीच, दाणे टिपल्यासारखी. म्हणाली, ताई, थेंब मोजू नका, या प्रत्येक थेंबातून तुमचे राखणदार तिच्याकडे जातात, तिचे स्वतःचे अजून तयार व्हायचेत. मी लेकीला म्हटलं, बघ, तू दूध नाही, पलटण पाठवतेस. तेव्हा कुठे हसली.

फरशी पुसायला आणि कपडे गोळा करायला एक मावशी येते. माझ्या लेकीच्या वयाची आहे, पण सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. ती मला आजी म्हणते. म्हणजे मी तिची आजी आणि ती माझी मावशी. हे नातं तुम्ही बसून सोडवा, नाहीतरी पाय वर करूनच बसलाय.

बुधवार, ६ तारीख

सकाळी लेकीनं पेटीत हात घातला आणि तसाच मागे घेतला. मूठ गार पडली होती. पेटी गरम, पोर गार. रडली नाही, हलली नाही, चिमटा घेतला तरी तोंड वाकडं केलं नाही. आमच्या वेळी तापाला घाबरायचे. चिमणी डॉक्टरीण म्हणाली, इतक्या लहान बाळांना पुष्कळदा ताप येतच नाही, ती थंड होतात, तेच वाईट. पायाच्या टाचेतून, मग हातातून रक्त काढलं. औषध शिरेतून सुरू केलं.

मग ती म्हणाली, बाळाला बाधा झालीय.

एवढी शिकलेली बाई आणि बाधा म्हणते! मी दबक्या आवाजात विचारलं, बाहेरची? ती म्हणाली, हो आजी, बाहेरचीच. मी म्हटलं, मग उतरवायला कुणाला बोलवायचं? तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तशाही घाईत तिला हसू फुटलं. भुताची नाही हो आजी, जंतूंची.

मला समजावून सांगितलं, ते तुम्हाला सांगते, नीट वाचा. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, राखणदार. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून, चाचपत, कडेकडेनं फिरतात. बाहेरच्याचा वास लागला की थांबतात, अंग चोरून भिंतीतून पलीकडे जातात, त्या बाहेरच्याला चहूबाजूंनी वेढतात आणि गिळतात. गिळलं की स्वतःही मरतात; पू म्हणजे त्यांचीच मढी. पण नवजात बाळाच्या या पेशी नवशिक्या. भिंत धरायला जमत नाही, वाट चुकतात, पोचतात तेव्हा उशीर झालेला. आणि हाडांतलं कोठार लहान, चटकन रिकामं होतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या दिरासारख्या, वरातीमागून घोडं. ती परत हसली, पण डोळे हसले नाहीत.

बाकीची बाळं पलीकडे हलवली. इकडे आता लेक, मूठ आणि मी. आत आहेत ते आत, बाहेर आहेत ते बाहेर, असं सिस्टरनं सांगितलं. मी विचारलं, मी बाहेरची आणि आत आहे, माझं काय? ती म्हणाली, तुमचं अजून ठरलं नाही.

गुरुवार, ७ तारीख

रक्ताचा निकाल आला. दुखणं आलं की पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात. मुठीच्या कमी झाल्यात. होत्या तेवढ्या धावून गेल्या नि खपल्या, आणि मागून ज्या निघाल्यात त्या अर्ध्या कच्च्या, मिसरूडही न फुटलेल्या, असं डॉक्टरीण म्हणाली. या दोन-तीन दिवसांत कोठार भरलं तर पोर तरेल. मी लेकीचे केस विंचरत बसले. दुसरं काय करणार.

दुपारी मार्गिकेत, म्हणजे खोल्यांमधल्या बोळात, काचेपलीकडे नवीन कुणी दिसलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं: टोपी, तोंडाला पट्टी, झगा. एक तळहात भिंतीला लावून भिंतीच्या कडेकडेनं चाललं होतं. हात सारखा घसरायचा. कोपऱ्यावर धडकलं, मागे फिरलं, परत धडकलं. मला हसू आलं, वाटलं, नवी भरती दिसते, बिचारीला वाट सापडत नाही. मी काचेवर टकटक केली. त्यानं मान वळवली नाही. सबंध अंगच माझ्याकडे वळलं, हळूहळू, पुरचुंडी वळावी तसं.

सिस्टरला म्हटलं, नव्या पोरीला जरा वाट दाखवा. ती म्हणाली, कुठली नवी पोरगी आजी, इथे आहेत तेवढीच माणसं पुरत नाहीत.

शुक्रवार, ८ तारीख

मूठ आज ऊबदार आहे! गाल गुलाबी, पाय झाडला. पेशी चढायला लागल्यात. लेकीनं माझ्या गळ्यात हात टाकले. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगितलं की तुम्ही म्हणाल, म्हातारीला झोप लागत नाही, भास होतात.

मार्गिकेत आज पांढरे पुष्कळ आहेत. रांगेनं, भिंत धरून. आता हात घसरत नाही. लेकीला दाखवलं तर म्हणाली, आई, सगळे पांढरेच तर घालतात इथे. खरंच आहे. पण अहो, त्यांच्या पट्टीच्या वर डोळे नाहीत. तिथेही कापडासारखंच काहीतरी आहे.

थंड हवेची जाळी दुरुस्त करायला माणूस आला, जाळी काढून ठेवून गेला, आणि तिथून एक कबुतर आत पडलं. भर दुपारी, लख्ख उजेडात. पांढरे थांबले. सगळे एकदम. मग कबुतराभोवती आले, वाकले, आणि त्यांचे झगे एकमेकांत मिसळले. नुसतं एक पांढरं गाठोडं दिसत होतं, आतून हलणारं. मग हलायचं थांबलं. ते बाजूला झाले तेव्हा फरशीवर पीससुद्धा नव्हतं. ज्यांनी वेढलं होतं ते भिंतीशी बसले आणि खचत गेले, खचत गेले, आणि शेवटी नुसते झगे उरले.

मावशी आली, झगे उचलून पिशवीत कोंबले आणि करवादली, कपडे टोपलीत टाकायला यांचे हात मोडतात. मी विचारलं, मावशी, यात माणसं होती ना? ती म्हणाली, आजी, माणसं असती तर मला कपडे उचलावे लागले असते का?

शनिवार, ९ तारीख

माझी फळीवरची चप्पल नाही. पिशवी नाही. तुम्ही दिलेली शालही नाही. लेकीचं सगळं जागच्या जागी आहे.

सकाळी चिमणी डॉक्टरीण येऊन बसली. म्हणाली, पेशी चांगल्या लढतायत, पण जंतू पुरता जात नाही, कुठंतरी दबा धरून बसलाय. तो कोणता ते आता कळलंय. मोठ्या माणसाच्या तोंडात असतो, त्या माणसाला काही करत नाही. मग लेकीला विचारलं, बाळाला कुणी मुका दिला होता का? तोंडातलं बोट लावलं होतं का? लेक म्हणाली, छे, कुणीच नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, आमची आई तर चोळून चोळून हात धुते.

मी डॉक्टरीणबाईला बाहेर नेलं आणि अंगठ्याचं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या घशात कापसाची काडी फिरवून नेली. म्हणाली, आजी, मुठीला औषध चालू आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

अहो, बाहेरची बाधा मी आहे.

आणि त्यांना ते कळलंय. पांढऱ्यांना. मी मार्गिकेतून परत येताना ते थांबले, कबुतराच्या वेळी थांबले होते तसेच. एकानं माझा हात धरला. मऊ होता तो, भिजवलेल्या कणकेसारखा, आणि गार. मी ओढून सोडवला. अंगठ्याचं टोक आता गुळगुळीत आहे. नख नाही. रेघा नाहीत. दुखत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते.

सिस्टरला म्हटलं, मला घरी जाऊ दे. मी गेले की बाधा जाईल. हात जोडले. ती म्हणाली, घशाचा निकाल येईपर्यंत कुणाला सोडता येत नाही. मी म्हटलं, बटण दाब गं बाई. तिनं माझ्या समाधानासाठी दाबलं. घंटा वाजली. दार उघडलं नाही. तीही चकित झाली, पुन्हा दाबलं. मग म्हणाली, बिघडलंय, उद्या माणूस येईल.

दाराच्या फटीतून पांढरं कापड आत येत होतं. तिला दिसलं नाही.

रविवार, १० तारीख

चादरींच्या खोलीत आहे. आतून कडी लावलीय. दाराला हाताएवढी काच आहे, तिच्यावर ते टेकलेत. एकावर एक. काच पांढरी झालीय.

लेक मघा दाराशी आली होती. त्यांच्यामधूनच आली, तिला ते लागतही नाहीत. आई, उघड ना, काय हा वेडेपणा, म्हणत होती. मी म्हटलं, पोट बिघडलंय, तुला लागण होईल, लांब राहा. आयुष्यात पहिल्यांदा तिला जवळ येऊ नको म्हटलं.

मग तिनं सांगितलं. मूठ गार पडलीय. परत. पेशी उतरल्या —

कालपर्यंत चढत होत्या. डॉक्टरीणबाईला कळत नाही गेल्या कुठे.

मला कळतं. दाराखालच्या फटीतून बघितलं. इकडे पाय ठेवायला जागा नाही, इतके. आणि त्या टोकाला, मुठीच्या पेटीपाशी, मार्गिका रिकामी. एकही नाही. सगळे इथे. कोठार रिकामं करून सगळे माझ्या दाराशी येऊन थांबलेत. मी कडी लावून बसलेय म्हणून —

मी जितका वेळ इथे, तितका वेळ ती एकटी.

लेक म्हणाली, दूधही आटलंय. भीतीनं. ओरडून नाही म्हणाली. ओरडली असती तर —

भिंत ओली लागतेय. आणि गरम. भिंतीला नाडी असते का हो?

भिंतीतून एक हात येतोय. अंग चोरून. कापड पिळून काढावं तसा. शिकले आता. आधी किती धडपडत होते, आठवलं की — बरं वाटतं, वेड्यासारखं. आपल्या मुठीची पोरं शिकली.

सोमवार, ११ तारीख

ऐका. थोडकं आहे.

लेकीनं दाराबाहेरून सांगितलं, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस. एवढंच म्हणाली नि गेली.

मी कडी काढतेय. तुम्ही म्हणाल, विचार तरी करायचा होतास. केला. तुमच्यासारखा बसून नाही, उभ्यानं केला. मी गिळली गेले की ते मोकळे होतील. पेटीकडे जातील. वाट माहीत आहे त्यांना आता.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू. कबुतर शेवटी किती हललं ते —

लेकीला म्हणा, आई मागच्या दारानं गेली. मागचं दार नाही इथे, पण ती आता विचारायची नाही.

कडी कडक आहे. अंगठ्याला पकड नाही —

निघाली.

आत येतायत. ढकलत नाहीत. हळू. गार आहेत, पण —

अहो, मार्गिका दिसतेय त्यांच्यामधून. काही जण वळले. पेटीकडे. वळले हो, भिंत धरून, नीट —

आता लेकीच्या डब्याचं. दूध यायला हवं तिला, त्यातूनच तर — रोज पाठवा. मऊ भात. भाजी भरपूर, हिरवी. दोन अंडी उकडून, सोलून द्या, तिला सोलायचा कंटाळा. तिखट नको. डबा एकीचाच. माझा नको. आणि मीठ घालताना तुमची चिमूट नको, तुमचा हात सैल — माझी चिमूट, तीन बोटांची, अंगठा नुसता —